नाखव्याचा कमाल

१

शुक्रवारी सकाळी पावणेबारा वाजता आमच्या बंदर संग्रहालयातून नाखव्याचा कमाल नाहीसा झाल्याचं उघडकीला आलं. पेटीला कुलूप होतं, काच शाबूत होती, आत मखमलीवर त्याचा चौकोनी ठसा तेवढा उरला होता. भोवती ठाण्या-डोंबिवलीहून सहलीला आलेले बावीस पर्यटक मोबाइल सरसावून उभे होते, आणि त्यांना दाखवायला माझ्याकडे रिकामी मखमल होती.

मी कुमार तरे. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता या संग्रहालयाचा मानद अभिरक्षक आहे. मानद म्हणजे पगार शून्य आणि डोकेदुखी पूर्ण. परीक्षेत कॉप्या पकडून पकडून मला संशयाची खोड लागली आहे, हे आधीच कबूल करतो.

भिवंडी म्हणजे लूम आणि गोदामं एवढंच लोकांना ठाऊक असतं. इथे बंदर होतं आणि इथली गलबतं अरबस्तानापर्यंत जात, हे मुद्दाम सांगावं लागतं. त्यासाठी आम्ही दर शुक्रवारी सहल काढतो. शुक्रवारी लूमना सुट्टी असते, म्हणून त्या दिवशी गावात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं. आधी खाडीवरचा जुना धक्का, मग मिठाच्या वखारीतलं आमचं संग्रहालय, दुपारी लोनाडची लेणी आणि शेवटी गणेशपुरीची गरम कुंडं असा बेत असतो.

कमाल म्हणजे दोन बोटं रुंद लाकडी फळी आणि तिला ओवलेली, नऊ गाठी मारलेली दोरी. नाखवा दोरीची गाठ दातांत धरायचा, फळी ताऱ्यासमोर धरायचा, आणि कोणत्या गाठीला ध्रुव बसतो त्यावरून बंदर ओळखायचा. एकेक गाठ म्हणजे एकेक बंदर. हा कमाल सुरैयाबी फकीह यांच्या पणजोबांचा. घरातल्या सगळ्यांचा विरोध पत्करून त्यांनी तो आम्हाला दाखवायला दिला होता.

पेटी उघडायची किल्ली असायची ती त्यांच्या नातीकडे, इरमकडे. इरम आमची गाइड, वय चोवीस. सगळ्यांच्या नजरा एकदमच तिच्याकडे वळल्या. माझीही वळली.

२

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं मी मग सगळी दारं लावून घेतली. पर्यटकांनी कुरकुरत पिशव्या उघडून दाखवल्या, काही मिळालं नाही. त्यात पलीकडच्या दालनातला लूमही त्यांना बघायला मिळाला नाही, कारण धोट्याचं टोक तुटलंय म्हणून काळूरामने आज प्रात्यक्षिक होणार नाही असं सांगून टाकलं. धोटा म्हणजे लूमवर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. तो धावला नाही तर लूममध्ये बघण्यासारखं काही राहत नाही. लोक वैतागून लोनाडला गेले.

चोरीची वेळ ठरवणं सोपं होतं. अकरा वाजता इरमने कमाल पुसून पेटी लावली आणि किल्ली नेहमीप्रमाणे दोन्ही दालनांमागच्या बोळातल्या टेबलाच्या खणात ठेवली. त्यानंतर मी पर्यटकांना घेऊन धक्क्यावर गेलो आणि पाऊण तासाने परतलो. तेवढ्या वेळात वखारीच्या आवारात पाचच माणसं होती.

गेटवर तिकिटं फाडायला गुणाबाई केणी. एसटीत भिवंडी-गणेशपुरी मार्गावर तिने सत्तावीस वर्षं कंडक्टरकी केली. गाडीत कोण कुठे चढलं, कोण कुठे उतरलं आणि कोण पुढच्या थांब्याचं तिकीट न काढता झोपेचं सोंग घेतंय, हे ती मान न वळवता सांगते.

व्हरांड्यात प्रितमशेठ. वडप्याला यांची गोदामं आहेत. बंदर दालन वाढवायचा खर्च ते करणार आहेत, आणि जागेसाठी आमच्याकडचा लूम हलवून त्यांच्या गोदामात ठेवायचा असा प्रस्ताव सोमवारच्या सभेत यायचा होता. कमाल विकत देता का, असंही त्यांनी मला दोनदा विचारलं होतं.

लूम दालनात काळूराम. तो जॉबर होता, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. नऊ वर्षांचा असताना लूमवर गेला आणि साठीला बाहेर आला. आमच्याकडचा लूम त्यानेच भंगारातून आणून उभा केलेला.

आणि बंदर दालनात इरम, तिच्यासमोर तिचा चाचा ओसामा. हा सुरैयाबींचा धाकटा मुलगा. कशेळीच्या गोदामावर ट्रकवाल्यांशी बोलून बोलून त्याचा आवाज असा झालाय की कानात सांगितलेली गोष्टही चौकात पोहोचते. कमाल घरी परत हवा म्हणून तो महिनाभर आमच्या मागे लागला होता.

मी वही काढली आणि एकेकाला माझ्या खोलीत बोलावलं.

३

प्रितमशेठ म्हणाले की ते पूर्ण वेळ व्हरांड्यात फोनवर होते. गुणाबाईनेही तेच सांगितलं. पाऊण तास त्यांची पाठ तिच्या डोळ्यांसमोर होती. तरी मी वहीत त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं. पैसेवाल्या माणसाला स्वतःच्या हाताने चोरी करावी लागत नाही.

फोन करून परत बोलावलेल्या ओसामाने काही लपवलं नाही. वस्तू आमच्या घरची आहे, आज नाही तर उद्या नेणार, असं आपण इरमला बजावलं आणि सव्वाअकराला निघालो, ती गेटपर्यंत सोडायला आली होती, हे त्याने खिडकीच्या काचा हादरतील अशा आवाजात सांगितलं. वर मलाच विचारलं की एवढीशी पेटी सांभाळता येत नव्हती तर घेतली कशाला.

काळूराम माझ्यासमोर बसला, माझ्या तोंडाकडे एकटक बघत. त्याची ती जुनीच सवय. मग म्हणाला, आपण लूमला तेल घालत होतो, दालनातून हललोच नाही, पण भिंतीपलीकडचं बोलणं कानावर पडलं. मी ते शब्द तसेच उतरवून घेतले.

"इरम त्याला म्हनली, चाचा, आज नको, आज लोक आहेत. सोमवारी या, मी स्वतः काढून देते."

ओसामा त्यावर काय म्हणाला, असं मी विचारलं. तो लईच हळू बोलत होता, ऐकू आलं नाही, असं काळूरामने सांगितलं. दोन्ही दालनांमधली भिंत कौलांपर्यंत पोहोचत नाही, वर हातभर मोकळी आहे, आणि शुक्रवारची शांतता होती. पलीकडचं बोलणं ऐकू येणं अगदी शक्य होतं. मी स्वतः पलीकडे उभा राहून खात्री करून घेतली.

शेवटी इरम आली. तिचा आवाज मुळातच मऊ, त्या दिवशी तर कान देऊन ऐकावा लागत होता. ते वाक्य वाचून दाखवल्यावर ती नाकारेल असं मला वाटलं होतं. ती नाकारेना.

"बोलले मी तसं. चाचांना नाही म्हटलं की ते तासभर उभे राहतात, सर. ते जावेत म्हणून बोलले. देणार नव्हते."

कुठे उभी होतीस, असं मी विचारलं. पेटीला टेकून, बोळाच्या दाराकडे तोंड करून. चाचा समोर, दाराला पाठ करून, असं तिने सांगितलं. चाचांना सोडून परत आल्यावर पेटीकडे पाहिलं का, तर नाही, ती थेट गेटवरून धक्क्याकडे मला बोलवायला आली होती.

किल्ली तिची, शब्द तिचे, वस्तू तिच्या घराण्याची. माझ्या दृष्टीने गणित सुटलं होतं. संध्याकाळी अध्यक्ष डॉक्टर मोहिउद्दीनसाहेबांचा फोन आला की पोलिसांत द्यायचा अर्ज तयार ठेवा, सोमवारी पाचच्या सभेत सह्या करू. मी तो त्याच दिवशी लिहून काढला. नाव घालायचं की नाही याचा विचार करायला मला फार वेळ लागला नाही.

शनिवारी दुपारपर्यंत भिवंडीत सगळीकडे झालं होतं की फकीहांच्या नातीने चोरी केली.

४

रविवारी सकाळी गुणाबाई माझ्या घरी आली. चहा नको म्हणाली, यावरून प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

तिने सांगितलं की इरमने कालपासून दार लावून घेतलंय. बडोद्याला संग्रहालयशास्त्र शिकायला तिचा प्रवेश झालाय, पुढच्या महिन्यात जायचंय, आणि आता जायचं नाही म्हणते. पोलिसांत नाव गेलेल्या मुलीच्या हाती कुठल्या संग्रहालयाची किल्ली कोण देईल? मी म्हटलं, वाईट वाटतं, पण अर्जात तिचं नाव घातलंय, पुरावा पुरावा असतो. तिने वही वाचून दाखवायला सांगितली. मी सगळी वाचली. काळूरामचा जबाब तिने तीनदा वाचायला लावला.

"सर, मी गेटवर व्हती. वखारीपासून चाळीस पावलं. मना त्या ओसामाचा शब्द न् शब्द ऐकू आला. पोरीचा एक न्हाय आला."

मी म्हटलं, बरं मग?

"मंग भिंतीपलीकडं बसलेल्या काळूदादाला हळू बोलनारीचं सगलं ऐकू आलं, आनि बोंबलनाऱ्याचं काहीच न्हाय?"

मी वहीत पुन्हा पाहिलं. स्वतःच्या हाताने लिहिलेली दोन वाक्यं एकाखाली एक होती, आणि छत्तीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला त्यातली चूक दिसली नव्हती.

गुणाबाई मग तिच्या नवऱ्याबद्दल बोलायला लागली. तोही लूमवर होता. चाळीस लूम एका शेडमध्ये खडखडतात तिथे बोलणं ऐकू येणं शक्यच नसतं, म्हणून लूमवाले लहानपणापासून ओठ बघून बोलतात. हळूहळू कान जातात, आणि गेलेले कान कुणी कबूल करत नाही, कारण बहिऱ्या जॉबरला काम मिळत नाही. तिच्या नवऱ्याला पाठीमागून हाक मारली तर कळायची नाही, पण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ती तोंडातल्या तोंडात काय पुटपुटली ते त्याला बरोबर समजायचं आणि त्यावरून भांडण व्हायचं.

मला एकेक आठवायला लागलं. काळूराम कधी फोन उचलत नाही, मेसेज करा म्हणतो. करोनात सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले तेव्हा तो दोन वर्षं कुणाशी धड बोलला नाही आणि आम्ही म्हणत होतो की काळूरामला शिष्टपणा आलाय. मी या माणसाला तीस वर्षं ओळखतो.

"त्यानं ऐकलं न्हाय, सर. बगितलं," गुणाबाई म्हणाली. "आता सांगा, इरमचं तोंड दिसंल आनि ओसामाची पाठ दिसंल अशी जागा कंची?"

अशी जागा एकच होती. बोळाचं दार, ज्याला वरच्या अर्ध्या भागात काच आहे; बोळात अंधार असल्याने पलीकडे उभा माणूस आतून दिसत नाही. त्या दाराला लागूनच ते टेबल, आणि टेबलाच्या खणात किल्ली.

५

तरी माझं मन मानत नव्हतं. काळूरामला चोरी करून काय मिळणार? आणि वस्तू गेली कुठे? आवारातला कोपरा न् कोपरा आम्ही पाहिला होता.

गुणाबाई म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा, चला.

रविवारी संग्रहालय बंद असतं, पण काळूराम येतोच. तो लूमसमोर स्टुलावर बसला होता, आमच्याकडे पाठ करून. भोवतालच्या गल्ल्यांतले लूम चालू होते, त्यांची खडखड आत येत होती, पण तिच्यावर बोलता येईल एवढीच. गुणाबाई त्याच्या मागे दोन हातांवर जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "काळूदादा, उद्या त्या पोरीला पोलीस नेनार."

तो हलला नाही. चिंधीने लूमची दांडी पुसत राहिला.

मग ती वळसा घालून त्याच्यासमोर गेली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. त्याच्या हातातली चिंधी थांबली.

"पोलीस? इरमला? तिला कशाला?"

गुणाबाई लूमकडे वळली. लूमच्या पेटीतला धोटा उचलला. दोन्ही टोकं पितळेची, लख्ख आणि अखंड होती. मधल्या पोकळीत जिथे दोऱ्याची कांडी बसते तिथे कांडी नव्हती. दोन बोटं रुंद लाकडी फळी होती आणि तिच्याभोवती नीट गुंडाळलेली दोरी. लांबून पाहणाऱ्याला ती कांडीच वाटली असती. शुक्रवारी हा धोटा धावला असता तर कमाल सगळ्यांसमोर जमिनीवर पडला असता, म्हणून काळूरामच्या सांगण्यात त्याचं टोक तुटलं होतं.

काळूरामने नाकारलं नाही. तो माझ्याकडे बघून बोलायला लागला, आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की तो बोलताना स्वतःचाही आवाज ऐकत नसतो.

"बंदर, बंदर चाललंय सगल्यांचं. बंदर कोनी बगितलंय, सर? भिवंडीनं दीडशे वरसं खाल्लं त्या लूमवर खाल्लं. तो वडप्याच्या गोदामात टाकनार. मना वाटलं, वस्तू गेली म्हंजे बंदर दालन बंद ऱ्हाईल, शेटचे पैसे परत जातील, लूम हितंच ऱ्हाईल. मंग ठेवली असती परत जागेवर. मना तिचं काय करायचं व्हतं?"

रागावण्याची तयारी करून मी गेलो होतो, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लूम हलवायचा प्रस्ताव टाइप करताना मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

गुणाबाई मात्र विरघळली नाही. इरमचं नाव का गोवलंस, असं तिने विचारलं. तो कासावीस झाला. आपण ओसामाचं नाव सांगायला गेलो, तो तर महिनाभर मागतच होता, त्याच्यावर संशय आला तरी त्याच्याच घरची वस्तू, कोण त्याला काय करणार, असं त्याने धरलं होतं.

"मंग त्याचे शब्द सांगायचेस. तिचे कशाला सांगितलेस?"

काळूरामने धोट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मना तेवढेच दिसले," तो म्हणाला.

६

सोमवारी पाच वाजता बंदर दालनात सभा भरली, कमाल पेटीत परत ठेवला होता. डॉक्टर मोहिउद्दीनसाहेब भले गृहस्थ आहेत, पण त्यांना भांडणाची ॲलर्जी आहे. मी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. वस्तू मिळाली, चुकून दुसरीकडे ठेवली गेली होती, विषय संपला, असं इतिवृत्तात लिहू, असं त्यांनी सुचवलं. प्रितमशेठनी लगेच मान डोलावली. मीही डोलावणार होतो.

तेवढ्यात सुरैयाबी आल्या. सोबत ओसामा, आणि मागे इरम. तीन दिवसांत तिचा चेहरा उतरला होता, तरी ती ताठ उभी राहिली. मोहिउद्दीनसाहेबांनी मघाचंच वाक्य त्यांना ऐकवलं.

"चुकून?" इरमने विचारलं. "माझं नाव चुकून नाही घेतलं कोणी, सर. गावात नाव घेऊन सांगितलंय."

तेव्हा मागे बसलेला काळूराम उठला. त्याला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. किल्ली कशी घेतली, कमाल कुठे ठेवला, का ठेवला, आणि आपल्याला ऐकू येत नाही, हे सगळं त्याने चार माणसांत सांगितलं. मला वाटतं चोरीपेक्षा शेवटचं सांगणं त्याला जड गेलं. ओसामा त्याच्या अंगावर धावून जाणार होता. सुरैयाबींनी त्याचा हात धरून खाली बसवलं.

त्या कमाल परत मागतील अशी माझी खात्री होती. त्यांनी पेटीकडे पाहिलंही नाही. काळूरामसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला दिसेल असं सावकाश बोलल्या की तुमचा लूम भंगारात गेलेल्या माझ्या सासऱ्यांच्या कारखान्यातलाच असणार, तो इथून हलला तर कमालही हलेल. प्रितमशेठनी समोरचा प्रस्तावाचा कागद दुमडून खिशात घातला. काळूराम रडत होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मला वाटलं, आता संपलं. सगळ्यांनाच तसं वाटलं. मोहिउद्दीनसाहेब चहा सांगायला उठले.

"थांबा, डॉक्टर," सुरैयाबी म्हणाल्या. "काळूरामने चोरी केली, त्याने सांगितली. पोलिसांचा कागद त्याने नाही लिहिला. माझ्या नातीचं नाव त्यावर कोणी लिहिलं?"

अर्ज माझ्यासमोरच्या फाइलमध्ये होता. गुणाबाई दाराशी उभी होती आणि तिने माझ्याकडे बघितलं नाही. अध्यक्षांनी सांगितलं म्हणून लिहिला, पुरावा होता म्हणून लिहिला, अशी दोन उत्तरं माझ्या तोंडाशी आली. तीन दिवस मी स्वतःला तीच देत होतो.

"मी लिहिलं," मी म्हणालो.

"वाचून दाखवा," इरम म्हणाली.

मी चष्मा लावला आणि उभा राहिलो. छत्तीस वर्षं मुलांना उभं करून वाचायला लावलं, आज पाळी माझी होती. तारीख वाचली, विषय वाचला. मग ते वाक्य आलं. संग्रहालयाची गाइड इरम फकीह हिनेच कुटुंबीयांशी संगनमत करून सदर वस्तू लांबवली असावी, असा आमचा ठाम संशय आहे.

"'ठाम' लिहायला कोणी सांगितलं होतं?" इरमने विचारलं.

कोणीच सांगितलं नव्हतं. नुसता संशय लिहिला तर अर्ज लेचापेचा वाटेल, म्हणून मी तो शब्द नंतर वरच्या जागेत घातला होता. मी तिला ते तसंच सांगितलं. तिने हात पुढे करून कागद मागितला, आणि मी दिला.